विधी शाखेतील डॉक्टरेट : प्रश्नाची निवड आणि वर्षांचा हिशेब



कायद्यातील पीएच.डी. म्हणजे एलएल.एम.नंतरची आणखी एक परीक्षा, असा समज अनेक विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. परीक्षेत प्रश्न दुसरा कोणी काढतो. डॉक्टरेटसाठी मात्र प्रश्नही संशोधकालाच शोधावा लागतो. याकडे दुर्लक्ष झाल्यास उमेदीची वर्षे वाया जाण्याचा धोका संभवतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान ३ व कमाल ६ वर्षांचा आहे. फेरनोंदणीद्वारे आणखी २ वर्षे मिळू शकतात; महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत आहे. प्रारंभी किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. जून २०२४ पासून ‘नेट’चे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्यात आले. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. ती न मिळालेल्या उमेदवाराने सोडून दिलेली वकिली वा नोकरी हीदेखील शिक्षणाची किंमतच मानली पाहिजे.

ही किंमत सार्थकी लागणे विषयाच्या निवडीवर अवलंबून असते. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ हे उदाहरण घेता येईल. आजारी कंपनीचे प्रकरण १८० दिवसांत, फार तर आणखी ९० दिवसांत निकाली निघावे, अशी मूळ तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने न्यायालयीन कार्यवाहीचा काळ धरून ३३० दिवसांची मर्यादा घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्सार स्टील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादेची सक्ती दूर केली आणि अपवादात्मक परिस्थितीत मुदतवाढीस वाव ठेवला. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे त्याहून अधिक काळ रेंगाळली. दरम्यान यंत्रे गंजतात, कुशल कामगार पांगतात आणि धनकोंच्या हाती कमी रक्कम पडते.

‘नादारी संहिता : एक अभ्यास’ हा या संदर्भात प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही, ते केवळ शीर्षक आहे. विलंब नेमका अर्ज दाखल करून घेताना होतो, धनकोंच्या समितीत होतो की अपिलात होतो, हा मात्र संशोधनाचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी कलमे व निवाडे यांचे बारकाईने वाचन हवे. शिवाय न्यायाधिकरणाच्या आदेशांतील तारखा जमवून त्यांचे विश्लेषणही करावे लागते. पहिली पद्धत कायदा काय सांगतो ते दाखवते, तर दुसरी तो कसा चालतो ते दाखवते. अशा उत्तरातून विधिमंडळाला कोणती तरतूद सुधारावी आणि शासनाला न्यायाधिकरणाची कोणती पायरी बळकट करावी, याची दिशा मिळते.

मार्गदर्शक निवडतानाही हाच निकष लावावा. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधकांनाच मार्गदर्शन करता येते. त्यामुळे जागा मर्यादित असतात. केवळ जागा रिकामी आहे म्हणून मार्गदर्शक स्वीकारण्यापेक्षा त्यांचे लेखन आधी वाचणे हिताचे.

म्हणून नोंदणीपूर्वी विद्यार्थ्याने आपला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. त्याचे उत्तर कोणाच्या उपयोगी पडेल आणि त्यासाठीची माहिती कोठे मिळेल, हेही नोंदवावे. हे तिन्ही साधल्यास ६ वर्षांची मर्यादा पुरेशी ठरण्याची शक्यता बरीच वाढते.