वाफसा म्हणजे मुळांचा श्वास
(खरीप पीक मेळाव्यातील व्याख्यान)



पावसाळ्यात चार-पाच दिवस झड लागून राहिली की भारी काळ्या जमिनीतील तूर, कपाशी, सोयाबीन पिवळी पडू लागतात. नत्र कमी पडले असे समजून आपण युरिया टाकतो. तरीही पीक हिरवे होत नाही. कधी कधी तर पाण्यात उभे असूनही मान टाकते. जमिनीत खत आहे, पाणी आहे, मग झाड उपाशी का? याचे उत्तर मुळांच्या पेशींत सापडते.

पेशीचा जमाखर्च

हिरवी पाने सूर्यप्रकाशात कर्बवायू आणि पाणी यांपासून साखर तयार करतात. सूर्याची ऊर्जा या साखरेत बांधली जाते. जास्तीची साखर पिष्टाच्या रूपात दाण्यात, कंदात साठते. ही झाली पिकाची कणगी. पण घरी कणगी भरलेली असली तरी एस.टी.च्या कंडक्टरला ओंजळभर ज्वारी देऊन तिकीट मिळत नाही. त्यासाठी खिशात सुटे पैसेच लागतात. पेशीतील हे सुटे पैसे म्हणजे एटीपी, म्हणजेच ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लोहमान यांनी १९२९ मध्ये या पदार्थाचा शोध लावला.

एटीपीमध्ये फॉस्फेटच्या तीन कड्या असतात. शेवटची कडी सुटताना ऊर्जा मोकळी होते व ती पेशीच्या कामी येते. ही कडी पुन्हा जोडण्यासाठी पेशी साखरेचे ज्वलन करते. यालाच आपण श्वसन म्हणतो. एटीपीचा मोठा साठा करता येत नाही. तो क्षणोक्षणी तयार करावा लागतो व क्षणोक्षणी खर्च होतो. म्हणून श्वसन रात्रंदिवस चालू राहावे लागते.

प्राणवायू असला आणि नसला तर

प्राणवायू मिळत असेल तर पेशीतील तंतुकणिका ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळवून देतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा ३६ किंवा ३८ दिलेला आढळेल. प्राणवायू नसेल तर त्याच साखरेतून फक्त २ एटीपी हाती लागतात. बाकीची ऊर्जा अल्कोहोलसारख्या पदार्थांत अडकून राहते. म्हणजे खर्च तोच, पण उत्पन्न रुपयातील सहा-सात पैसे!

पानांना हवा भरपूर मिळते. मुळांना मात्र मातीच्या पोकळ्यांतील हवेवरच भागवावे लागते. चांगल्या जमिनीत निम्मी जागा पोकळ्यांची असते. त्यात थोडे पाणी व थोडी हवा असली की त्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर पडते. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. मातीत उरलेला प्राणवायू मुळे आणि जिवाणू थोड्याच काळात संपवतात.

झाड उपाशी का राहते?

जमिनीतील अन्नद्रव्ये आपोआप मुळांत शिरत नाहीत. मुळांच्या पेशी एटीपी खर्चून हायड्रोजनचे भारित कण बाहेर ढकलतात व त्या जोरावर नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी अन्नद्रव्ये आत ओढतात. विहिरीत पाणी आहे, पण पंपाची वीज गेली, तशी मुळांची गत होते. पाणी शोषण्याची त्यांची क्षमताही घटते. म्हणून झाड पाण्यात कोमेजते.

द्विदल पिकांचे नुकसान दुहेरी असते. हवेतील नत्राचा एक रेणू स्थिर करण्यासाठी मुळांवरील गाठींतील जिवाणूंना किमान १६ एटीपी खर्चावे लागतात. श्वास कोंडला की हे कामही मंदावते. शिवाय प्राणवायू नसलेल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटवर श्वसन भागवतात आणि नत्र वायुरूपाने उडून जाते. साचलेल्या पाण्यात टाकलेल्या युरियातून पिकाच्या पदरी फारसे काही पडत नाही.

मग भात पाण्यात कसे जगते, असे आपण विचाराल. भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या नळ्या असतात. त्यांतून पानांकडील प्राणवायू मुळांपर्यंत पोचतो. तुरीला ही सोय नाही.

काय करावे?

१. पाणी साचल्यास प्रथम चर काढून ते शेताबाहेर काढावे. खताचा विचार त्यानंतर.

२. जमिनीत वाफसा येईपर्यंत पिकाला आधार म्हणून २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, पानांवर फवारणी करावी. वाफसा आल्यावर हलकी कोळपणी करून हवा खेळती करावी.

३. भारी जमिनीत सोयाबीन, तूर रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरावी. पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनींसाठी ही पद्धत विकसित केली. सरीतून जादा पाणी निघून जाते व वरंब्यावरील मुळांना हवा मिळते.

४. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत नियमित द्यावे. त्यामुळे मातीचे कण रवाळ होतात व पोकळ्या टिकतात. ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नये.

५. कालव्याची पाळी आली म्हणून पाणी देऊ नये. आधी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून माती भुसभुशीत पसरली तर वाफसा आहे असे समजावे. गोळा तसाच राहिला किंवा चपटा झाला तर रानात ओल जास्त आहे, पाणी देण्याची घाई करू नये.

बंधूंनो, कालव्याच्या लाभक्षेत्रात उसाला वर्षानुवर्षे वारेमाप पाणी देऊन सोन्यासारख्या जमिनी चिबड आणि क्षारपड झाल्या आहेत. अशी जमीन पुन्हा सुधारायला निचऱ्याचा मोठा खर्च व अनेक वर्षे लागतात. पिकाला पाणी पाजताना त्याच्या मुळांना श्वासही घ्यायचा आहे, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.