आधी खोली की आधी शाळा?

मागच्या महिन्यात वेल्ह्याहून दादाचा फोन. "धायरीत खोली बघतोय, पोरांच्या शाळेचं नंतर बघू." म्हटलं, दादा थांब, आधी शाळा बघ.

का? धाकटी यंदा पहिलीत जाणार. खासगी शाळांतल्या आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा तर घर नकाशावर दाखवावं लागतं. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीनपर्यंतची. म्हणजे खोली थोडी इकडेतिकडे झाली, की शाळांची यादीच बदलते. आणि भाडेकरार नोंदणी केलेलाच हवा.

थोरला पाचवीत. त्याला या जागा नाहीत, त्या फक्त सुरुवातीच्या वर्गासाठी. मग महापालिकेची शाळा बघायची. गावाकडून दाखला यायला उशीर झाला, तरी त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं सांगतं.

दादा म्हणाला, "इथं गुरुजी पोरांना नावानं ओळखतात रे."

हे काही नकाशात दिसत नाही. म्हणून शाळा बघायला रविवारी नको, शाळा भरलेली असताना जा. थोरल्याला सोबत न्या. आणि त्यालाही विचारा.