विचारणाऱ्या स्त्रीस पूर्ण उत्तर



1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस हा डोंगर पडला, तेव्हापासून मुंबईकरांनी माथेरानला विश्रांतीचे स्थान मानले आहे. परंतु आसलवाडी, बेकरेवाडी यांसारख्या उतारावरच्या वाड्यांतून भाजीपाल्याचे वा सरपणाचे ओझे डोक्यावर घेऊन जी ठाकूर अथवा कातकरी स्त्री पायवाटेने येथे चढून येते, तिला हे स्थान विश्रांतीचे नाही. तिला दोन मुलांत अंतर ठेवावयाचे असेल, तर ती कोणास विचारते, आणि विचारल्यावर तिला काय उत्तर मिळते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

संततिनियमनाची कथा परदेशापासून सुरू करण्याचा शिरस्ता पडला आहे. वास्तविक ज्या 1921 साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले चिकित्सालय उघडले, त्याच साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि हे गृहस्थ वैद्य वा डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. 1923 साली त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले, पुढे विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना सोडावी लागली, आणि 1927 च्या जुलैपासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत, पत्नी मालतीबाईंच्या साथीने सोसलेल्या ओढगस्तीत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या मासिकात वाचक आपले प्रश्न पाठवीत, जे आईबापांस, गुरुजनांस वा गावच्या डॉक्टरासही विचारण्याची सोय नव्हती असे प्रश्न, आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो दुसरा खटला उभा राहिला तो मुख्यतः या उत्तरांवरून. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, आणि लोक असे प्रश्न विचारीत असतील तर त्यांस ज्ञान देणे हाच मार्ग आहे, या आशयाची बाजू त्यांनी न्यायासनापुढे मांडली. खटला हरला, दंड झाला. चार वर्षांनी, 1938 साली, आंबेडकरांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात आणला. तोही फेटाळला गेला. कर्व्यांचा खरा वारसा त्यांच्या ग्रंथांपेक्षाही या उत्तरांत आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे. कारण तेथे एक माणूस विचारीत होता आणि दुसरा त्याच्याएवढ्याच पातळीवर उभा राहून त्याला सांगत होता.

पुढे सरकारने हे कार्य हाती घेतले. 1952 साली कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारणारे भारत सरकार जगात पहिले ठरले, आणि साधने खेडोपाडी पोहोचली हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु दप्तरात ज्या क्षणी उद्दिष्टाचा आकडा आला, त्या क्षणी प्रश्न विचारणारी स्त्री दृष्टीआड झाली. 1976 साली, तीन अपत्यांनंतर सक्तीने शस्त्रक्रिया करण्याचे विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते, आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते अंमलात आले नाही, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे. आकड्यांची उद्दिष्टे अधिकृतपणे रद्द झाली ती 1996 साली. शस्त्रक्रियेची शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 2016 साली, छत्तीसगडातील बिलासपूरच्या शिबिरात डझनाहून अधिक स्त्रियांचे प्राण गेल्यानंतर. एखाद्या वाडीवरची वृद्धा आजही नातसुनेस सरकारी दवाखान्यात जाऊ नकोस म्हणून बजावते, तेव्हा तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणां आरोग्यसेवकांस नाही. तिच्या भयाला इतिहास आहे.

आता मार्गदर्शनाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 साली प्रथम प्रसिद्ध केलेले आणि पुढे वेळोवेळी सुधारलेले जे पात्रतेचे निकष आहेत, त्यांत प्रत्येक साधन आणि स्त्रीची प्रत्येक अवस्था यांची सांगड घालून चार श्रेणी केल्या आहेत: पहिलीत साधन निःशंक द्यावे, चौथीत ते देऊच नये. बाळंत होऊन सहा आठवडे न झालेल्या, अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस, रक्तदाब 160/100 वा त्याहून अधिक असणारीस, किंवा डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे होऊन मग जिची अर्धशिशी सुरू होते तिला, माला-एन सारखी संयुक्त गोळी या चौथ्या श्रेणीत येते. हे कळण्यास यंत्रसामग्री लागत नाही. रक्तदाबाचे साधन, दहा मिनिटांची विचारपूस आणि ऐकण्याची तयारी लागते. तेव्हा हा तक्ता मराठीत, स्पष्ट अक्षरांत, प्रत्येक उपकेंद्राच्या टेबलावर असावा. कपाटात कुलूपबंद असलेली मार्गदर्शिका नसल्यासारखीच असते.

परंतु तक्त्याच्या पलीकडे आपली खरी परीक्षा आहे. तांबी वर चढते आणि काळजाला लागते, ‘अंतरा’ या गर्भनिरोधक सुईने पाळी थांबली की रक्त पोटात साठते, अशी समजूत आपण सर्वांनी ऐकली आहे. गर्भाशय ही बंद पिशवी आहे, तांबीला तेथून छातीकडे जाणारी वाट नाही. आणि सुईमुळे आतले अस्तरच जाड होत नाही, म्हणून साठण्याजोगे रक्त तयारच होत नाही, इतके चित्र काढून समजाविले तर स्त्रीला पटते. पहिले काही महिने अंगावरून अनियमित जाईल, पुढे पाळी बंदही होईल, आणि सुई सोडल्यावर दिवस राहण्यास सात ते दहा महिने लागू शकतील, हे सुई देण्याच्या आधी सांगितले तर ते मार्गदर्शन होय. तक्रार घेऊन आल्यावर सांगितले तर ती सारवासारव ठरते, आणि ती स्त्री दुसऱ्यांदा येत नाही.

कर्जत-खालापूर या तालुक्यांपुरती एक गोष्ट मला विस्ताराने सांगावयाची आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ‘अंतरा’ची मुदत तीन महिन्यांची आणि उशिराची सवलत चार आठवड्यांची, म्हणजे येथे एक सुई घेऊन गेलेल्या स्त्रीची पुढची तारीख भट्टीवर येते, आणि त्या मुलखातील आरोग्यकेंद्रात तिची नोंद नसते. अशा स्त्रीपुढे तिचे वर्षाचे वेळापत्रक मांडून सल्ला दिला पाहिजे. प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत बसविता येणारी आणि दहा वर्षे टिकणारी तांबी तिच्याबरोबर कोठेही जाते. मात्र काढून मागेल त्या दिवशी ती विनातक्रार काढून दिली जाईल, हे वचन आधी दिले पाहिजे आणि पाळले पाहिजे. लखनौच्या संशोधन संस्थेत सिद्ध झालेली ‘छाया’ ही गोळी पाजणाऱ्या आईलाही चालते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यावयाची असल्याने पुरेशी पाकिटे गाठोड्यात बांधून देता येतात. तिने सुईच पत्करली, तर पुढची तारीख लिहिलेले कार्ड आपल्या दप्तरात न ठेवता तिच्या हाती द्यावे. निवड तिची, आपले काम निवडीची सामग्री तिच्यापुढे ठेवण्याचे. आणि तिचा नवरा बरोबर आला असेल तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी व कमी जोखमीची आहे, हे त्याला सांगण्याचा संकोच आपण सोडला पाहिजे.

शेवटी नवऱ्याच्या सहीचा मामला. तांबीस, सुईस, शस्त्रक्रियेस, किंवा शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींतून 1971 साली आलेल्या आणि 2021 साली अविवाहितेलाही सामावून घेणाऱ्या कायद्याखालील गर्भपातास, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीच्या संमतीची अट कोठेही नाही. तरीही ठिकठिकाणी ती सही मागितली जाते आणि सहीअभावी स्त्रीला परत पाठविले जाते. हे कायद्याबाहेरचे आहे आणि अन्यायाचे आहे.

भगिनींनो, बंधूंनो, माझी आपणांस विनंती आहे की, परतल्यावर आपापल्या केंद्रातील छापील अर्ज आपण स्वतः तपासावेत आणि जेथे पतीच्या सहीचा रकाना असेल तेथून तो काढवून घ्यावा. आणि येत्या दिवाळीपूर्वी, वाड्या रिकाम्या होण्याच्या आत, प्रत्येक वाडीवर एकवार जाऊन स्त्रियांचे प्रश्न ऐकून घ्यावेत.