हॉटेलासाठी तळण्याचा फ्रायर घेताना



खटाव-पुसेगाव पट्ट्यात खरिपाचा बटाटा निघाला की भाव पडतो आणि लहान-मध्यम माल घरी राहतो. अशा वेळी महामार्गालगत शिरवळपासून कराडपर्यंत वडा, भजी, वेफर्स यांचं हॉटेल टाकावं, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. पण कर्ज काढून फ्रायर घेताना बहुतेक जण दुकानात एकच प्रश्न विचारतात, "टाकी किती लिटरची?" खरा प्रश्न निराळा आहे: उष्णता किती देतो?

असं पाहा. एक किलो बटाट्यात सुमारे ८०० ग्रॅम पाणीच असतं. वेफर्स तळणं म्हणजे हे पाणी उकळून घालवणं. त्याला किलोमागे साधारण दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. म्हणजे ३ किलोवॅटच्या फ्रायरमध्ये, टाकी कितीही मोठी असो, तासाला चार किलोच्या वर कच्चा बटाटा निघत नाही. जास्त कोंबलात तर तेल १८० अंशांवरून झर्रकन खाली येतं, काप मऊ पडतो आणि तेल पितो. तेलाचा डबा लवकर संपतो तो असा! तासाला १० किलो वेफर्सचा बटाटा तळायचा तर ७-८ किलोवॅट हवेत. वड्याला आतलं पाणी घालवायचं नसतं, त्यामुळे तिथं यापेक्षा कमी भागतं.

३ किलोवॅटपर्यंतचा फ्रायर घरच्या सिंगल फेजवर, १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. त्यापुढं थ्री फेज घ्यावं लागू शकतं. अर्थिंग पक्कं पाहिजे. जिथं वीज भरवशाची नाही तिथं माझं मत गॅसच्या बाजूनं आहे. बर्नरची निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं, तरी १० किलो बटाट्याला किलो-सव्वाकिलो गॅस पुरतो. सिलिंडर मात्र व्यवसायाचा, १९ किलोचा घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून भिंतीत जमिनीलगत झरोका ठेवा.

आता टाकीचा तळ बघा. भज्यांच्या पिठाचा चुरा खाली बसतो, जळतो आणि सगळं तेल काळं करतो. ज्या फ्रायरमध्ये तापणाऱ्या नळ्यांच्या खाली थंड तेलाची खोलगट जागा असते, तिथं चुरा पडून राहतो, जळत नाही. भजी-वडा करणाऱ्यानं हाच घ्यावा. खाली रुंद तोंडाचा कॉक हवा. टाकी स्टेनलेस स्टीलची घ्या. तेलाला लागणारा कुठलाही भाग तांब्या-पितळेचा नको, त्यानं तेल लवकर खवट होतं. थर्मोस्टॅट तर हवाच, शिवाय तो बिघडला तर आपोआप बंद करणारा दुसरा कटआउटही हवा. नुसत्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका. तेल पेटलं तर आधी गॅस किंवा वीज बंद करून झाकण टाकायचं. पाणी कदापि नाही.

एका मोठ्या टाकीपेक्षा दोन लहान टाक्या बऱ्या. गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा एकच पेटवावी. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत दोन्ही लागतील!

तेलाचंही सांगतो. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते वापरता येत नाही. फेस बसेना, तेल दाट झालं, १८० अंशांच्या आतच धूर निघू लागला, की बदला. रोज थंड झाल्यावर गाळा.

पैसे मोजण्याआधी आपलाच बटाटा दुकानात न्या. शीतगृहातला नको, थंडीत त्यात साखर वाढते, वेफर्स लाल होतात आणि दोष यंत्राला लागतो. काप धुऊन, निथळून, एकामागोमाग तीन टोपल्या तळायला सांगा. पहिल्या टोपलीला कुठलाही फ्रायर चांगलाच दिसतो. तिसरी टाकताना आपला थर्मामीटर तेलात धरा. तापमान १७० च्या खाली जाऊन पाच मिनिटांत वर येत नसेल, तर दुसरं दुकान बघा.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली. अर्ज घेणं चालू आहे का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारा. जाताना दुकानाचं कोटेशन बरोबर न्या आणि त्यावर किलोवॅटचा आकडा लिहून घ्या.