अनणसुख : ऋण नसण्याचे सुख
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी विद्वान नाही. गिरणीतला कामगार माणूस, जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर. आज मी घरातल्या पैशावर बोलणार आहे. कुणी म्हणेल, विहारात कर्जाच्या गोष्टी कशाला? पण तथागतांनी हा विषय टाळला नव्हता. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. धन असण्याचे, त्याच्या उपभोगाचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष वर्तनाचे. यातले तिसरे ते अनणसुख. ते काय असते, हे मला ते गमावल्यावर कळले.

बारा वर्षांपूर्वी मी बहिणीच्या लग्नासाठी २० हजार रुपये व्याजाने काढले. खरे सांगतो, लग्नाला ते लागत नव्हते. आपला मंगल परिणय त्रिशरण-पंचशील आणि दोन हारांत होतो. पैसे लागले बँडला, मंडपाला आणि लोक काय म्हणतील याला. व्याज महिन्याला शेकडा १०. म्हंजे दर महिन्याला २ हजार. चौदा महिने भरले, २८ हजार गेले, आणि मुद्दल २० हजार जागच्या जागी! घरात मी हे बोललो नव्हतो. एक दिवस सावकाराचा माणूस दारात आला आणि मुलांसमोर नाही नाही ते बोलला. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळींनी मुलाची जुनी वही घेतली. म्हणाली, "आता एकूण एक पैसा यात लिहायचा. तुमचा बी, माझा बी." महिनाअखेर बेरीज केली. माझा चहा-तंबाखूचा खर्च रोजचा २५ रुपये, म्हंजे महिन्याला साडेसातशे! मी मान खाली घातली.

मग कामगारांच्या पतपेढीतून वर्षाला शेकडा १२ दराने २० हजार काढून सावकाराला एकरकमी देऊन टाकले. जे २ हजार नुसते व्याजात जात होते, तेच २ हजार पतपेढीत हप्ता म्हणून भरले. अकरा महिन्यांत मुद्दल-व्याज सगळे फिटले. पगार तोच होता, बांधवांनो. फरक पडला तो दराचा आणि लपवाछपवी संपल्याचा.

म्हणून माझे सांगणे एवढेच. कर्ज नवरा-बायकोत लपवू नका. सगळी देणी कागदावर मांडा आणि जास्त व्याजाचे आधी फेडा. जुने फेडायला त्याहून महाग नवे काढू नका. आजकाल मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज मिळते, तिथे आधी दर विचारा. कोऱ्या कागदावर सही करू नका. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. घाबरू नका, एकटे जाऊ नका, चौघांना घेऊन जा.

सिगालाला केलेल्या उपदेशात भगवंतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले. एक निर्वाहाला, दोन व्यवसायात, चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. तुम्ही म्हणाल, भाडे आणि किराणा भरल्यावर चार भाग उरतात कुठे? खरे आहे. मग चौथा नाही तर विसावा भाग ठेवा, पण पगाराच्या दिवशीच बाजूला काढा. आणि आपला व्यवसाय कोणता? आपल्या पोरांचे शिक्षण! त्या भागाला हात लावू नका. त्याच उपदेशात दारू आणि जुगार ही धननाशाची दारे सांगितली आहेत. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती नुसती म्हणायची नाही, पाळायची आहे.

माझी एक सूचना आहे. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास इथेच बसू. ज्याला देणे आहे त्याने वही आणावी. आपण मिळून हिशेब करू. कर्ज काढलेल्या माणसाला हसू नका. मी त्यातून गेलो आहे.

इतके बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जय भीम!