सात सीटची विजेची गाडी आम्ही चालवून बघितली

चूल पेटवता पेटवता ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज हिशेबाची गोष्ट आहे. आज आपण बोलणार आहोत विजेवर चालणाऱ्या सात सीटच्या मोठ्या गाडीबद्दल. तुम्ही म्हणाल, गटाच्या बायकांना वीस लाखांच्या गाडीशी काय करायचंय? आम्हालाही आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हेच विचारलं गेलं. म्हणून आम्ही सहा जणी गेलो, गाडी चालवून बघितली आणि आकडे वहीत लिहून आणले. तेच आज सांगतो.

आधी गरज काय ते सांगतो. आम्ही खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या. आमच्या गावांतल्या कितीतरी लेकी-सुना चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. सेकंड शिफ्ट सुटते रात्री अकराला. त्या वेळी एसटी नाही. मिळतं ते वडाप, आणि त्यात चौदा-पंधरा माणसं कोंबलेली. आमच्या ग्रामसंघातल्या दोघींनी याच कारणाने सेकंड शिफ्ट सोडली. काम जमत होतं, पगार बरा होता, पण घरी पोचायची सोय नव्हती. तेव्हा बैठकीत विषय निघाला, की आपलीच गाडी असावी, चालवणारीही आपलीच असावी. कुणी म्हणालं डिझेलची घ्या, कुणी म्हणालं आता विजेची घ्या, खर्च कमी येतो. नुसत्या ऐकीव गोष्टीवर कर्ज काढायचं नाही, असा ठराव झाला, आणि आम्ही शोरूम गाठलं.

एक गंमत बघा. यातल्या काही गाड्या आपल्या दारातच तयार होतात. महिंद्राने सात सीटची एक्सईव्ही नाइन एस नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आणली, ती चाकणला बनते. तेव्हा शोरूमची किंमत सुरू होत होती १९ लाख ९५ हजारांपासून. किआची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही जुलै २०२५ मध्ये आली, तेव्हा ती सुमारे १८ लाखांपासून होती. आणि मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही, तीही सात सीटची, विजेची, २०२४ पासून चाकणलाच जुळवली जाते. तिची किंमत मात्र सव्वा कोटीच्या वर! आम्ही कोणत्या कंपनीची गाडी चालवली आणि कोणत्या शोरूममध्ये गेलो, ते सांगणार नाही. हा कार्यक्रम जाहिरातीचा नाही, आणि कुणाची बदनामीही करायची नाही. गाडी होती वीस लाखांच्या घरातली, बॅटरी साधारण ६० युनिटची, एवढं पुरे.

शोरूममध्ये पहिला प्रश्न आला, "मॅडम, साहेब मागून येतायत का?" आम्ही म्हटलं, "साहेब नाहीत, ग्रामसंघ आहे." मग खुर्च्या मिळाल्या. टेस्ट ड्राइव्हला पैसे लागत नाहीत. चालवणारीकडे पक्कं लायसन्स लागतं, ते सोबत ठेवा. आमच्यातल्या दोघींकडे होतं. बाकीच्या बसणाऱ्या. पण बसून बघणं हेही चालवण्याइतकंच महत्त्वाचं, कारण तिकीट देणारी बाई बसणारच आहे.

पहिली गोष्ट, सात सीट म्हणजे ड्रायव्हर धरून सात. भाडं देणाऱ्या जागा सहा. हे साधं वाटतं, पण बैठकीत सगळ्या जणी सात गुणिले भाडं असा हिशेब करत होत्या.

दुसरी गोष्ट, मागची रांग. विजेच्या गाडीची बॅटरी खाली, फरशीत बसवलेली असते. त्यामुळे फरशी थोडी वर येते, आणि मागच्या रांगेत बसलं की गुडघे वर येतात. आमच्या गटातल्या पासष्टीच्या काकूंना आम्ही मुद्दाम मागे बसवलं. मधली सीट दुमडून आत शिरताना त्यांना दोन्हीकडून हात द्यावा लागला. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "पोरींनो, चाकणपर्यंत ठीक, पंढरपूरला मी यात बसणार नाही." मधली रांग मात्र ऐसपैस, पाय पसरायला जागा. तिन्ही रांगा भरल्या की मागे डिकीत फार काही मावत नाही. चार पिशव्या ठीक, कांद्याचं पोतं नाही. बाजाराचा माल न्यायचा असेल तर ही गाडी त्या कामाची नव्हे.

आता चालवण्याचं. बटण दाबलं आणि काहीच आवाज झाला नाही. गाडी सुरू झाली की नाही तेच कळेना. समोरच्या पडद्यावर तयार असल्याची खूण येते, ती बघायची. क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत. एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर. आमच्यातली एक जण घरची पिकअप चालवते. तिचा डावा पाय पहिली पाच मिनिटं क्लच शोधत होता. मग म्हणाली, "हे तर मिक्सरपेक्षा सोपं आहे." पण पायाला जपावं लागतं. ॲक्सिलरेटर जरा दाबला की गाडी एकदम झेप घेते. दोन टनांहून जड गाडी आहे, विसरू नका. आणि कमी वेगात आवाज नसल्यामुळे गल्लीतल्या पोराला, शेरडाला ती आलेली कळत नाही. गावात शिरताना हॉर्न आणि डोळे दोन्ही हवेत.

साडी नेसून चालवायचं तर निऱ्या वर खोचून, पदर कमरेला बांधून बसा. उंची कमी असेल तर सीट वर आणि पुढे घेता येते, ते आधी करून घ्या. पाय ब्रेकवर पूर्ण दाबला जातो का, आणि बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसतो का, हे दोन्ही बघा. हे दाखवायला त्यांना वेळ लागला तरी लागू द्या.

त्यांचा नेहमीचा रस्ता होता हायवेवरचा, सरळ, गुळगुळीत. आम्ही म्हटलं, घाट दाखवल्याशिवाय आमचा निर्णय व्हायचा नाही. कारण आमचं रोजचं जाणं-येणं चढ-उताराचं. थोडी का-कू झाली, पण नेलं. सहा बायका, एक सेल्समन, एसी चालू. चढावर गाडीने कुठेच दम तोडला नाही. आणि उतारावर खरी मजा बघितली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते आणि चाकं फिरतात त्यातून थोडी वीज परत बॅटरीत जाते. डिझेलची गाडी उतारावरून येताना टाकीत डिझेल वाढलंय, असं कधी झालंय का?

निघताना आम्ही पडद्यावरचा आकडा वहीत लिहिला होता, ७१ टक्के. ३० किलोमीटर फिरून आलो तेव्हा ६२ टक्के. म्हणजे ३० किलोमीटरला ९ टक्के. पूर्ण बॅटरीत साधारण ३३० किलोमीटर. जाहिरातीत पाचशेच्या वर लिहिलंय. जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीचा असतो. माणसं भरली, एसी लावला, घाट आला, वेग वाढवला, की तो खाली येतो. त्यामुळे मैत्रिणींनो, निघतानाचा आणि परत आल्याचा आकडा स्वतः लिहा, किलोमीटर लिहा, आणि घरी येऊन भागाकार करा. चौथीच्या गणितात बसणारी गोष्ट आहे.

आता पैशाचं बघू. चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते, ती धरून आम्ही एका युनिटला ५ किलोमीटर धरले. युनिटचा दर १० रुपये धरला तर किलोमीटरला २ रुपये. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला युनिटचे २० रुपये धरले तर ४ रुपये. डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं तर साडेसात रुपये. फरक मोठा आहे. पण तो घरच्या किंवा गावच्या चार्जिंगचा आहे, हे लक्षात ठेवा.

आमचा फेरा असा. एकेरी ३० किलोमीटर, दिवसाला दोनदा जाऊन येऊन, म्हणजे १२० किलोमीटर. त्याला २४ युनिट लागतात. साध्या १५ अँपच्या प्लगवर तासाला साधारण ३ युनिट जातात, म्हणजे ८ तास. पण महिन्याला ६२४ युनिट जर घरच्याच मीटरवर पडले, तर वरच्या टप्प्याचा दर लागेल आणि बिल बघून घरात भांडण होईल. महावितरणकडे विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मिळते, तिची चौकशी आधी करा. आणि गावात वीज किती तास जाते, तेही महिनाभर लिहून ठेवा.

आता हप्ता. २० लाख कर्ज, ९ टक्के व्याज, ७ वर्षं, हप्ता येतो सुमारे ३२ हजार. साधी डिझेलची सात सीटची १२ लाखांची धरली तर हप्ता सुमारे १९ हजार. म्हणजे विजेच्या गाडीचा हप्ता १३ हजारांनी जास्त. दर किलोमीटरला साडेपाच रुपये वाचतात, तर हा फरक भरून निघायला महिन्याला साधारण २,३५० किलोमीटर, म्हणजे रोजचे ९० किलोमीटर पळवावे लागतात. आमचे १२० होतात. इथपर्यंत विजेची गाडी जिंकली.

पण थांबा. आता गाडीचा सगळा खर्च मांडू. हप्ता ३२ हजार, वीज सव्वासहा हजार, चालवणारीचा पगार १५ हजार, विमा-टायर-सर्व्हिसिंगला ६ हजार बाजूला. झाले जवळजवळ ६० हजार. दिवसाला चार खेपा, सहा जागा, २६ दिवस, म्हणजे ६२४ जागा, त्याही एकही रिकामी न राहता. एका जागेला भाडं पडतं ९६ रुपये. वडापवाला घेतो ४०. रोज जाऊन-येऊन १९२ रुपये कुठली कामगार बाई देईल? म्हणजे नुसत्या तिकिटावर ही गाडी चालत नाही. डिझेलचीही चालत नाही.

हा आकडा आला तेव्हा बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एक ताई म्हणाली, "पण रात्री आम्हाला घरी पोचवायचं काम आमचं का? कंपनीचं नाही का?" आणि प्रश्न योग्य जागी गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात रात्रीच्या वेळी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची सोय मालकाने करायची, त्यात ने-आणही येते. म्हणजे गाडीचा खर्च बायकांच्या पर्समधून नव्हे, कंपनीच्या कंत्राटातून निघायला हवा. म्हणून आमच्या प्रभागसंघाने ठरवलं, आधी कंत्राट, मग गाडी. दोन कारखान्यांना पत्रं दिली आहेत, कामगार बायकांच्या सह्यांसकट. उत्तर यायचं आहे. तोपर्यंत कर्जाच्या कागदाला हात लावायचा नाही. मात्र तिघी जणींना गटातून कर्ज देऊन ड्रायव्हिंग शाळेत घातलंय, कारण गाडी येईल तेव्हा चालवायला पुरुष शोधत फिरायचं नाही.

तुमच्याही गटात असा विचार चालू असेल, तर काही गोष्टी गाठीला बांधा.

नंबरप्लेट बघा. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. खाजगी गाडीला पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळी. पांढऱ्या अक्षरांच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करू शकतो. गाडी भाड्याने चालवणार असाल तर बॅटरीची हमी किती वर्षं आणि किती किलोमीटर, हे लिहून घ्या. खाजगी गाडीची हमी आणि भाड्याच्या गाडीची हमी एक असेलच असं नाही.

लायसन्सबद्दल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असेल तर साडेसात टनांच्या आतली भाड्याची गाडी त्यावर चालवता येते. आणि बॅटरीवरच्या भाड्याच्या गाड्यांना परमिटमधून केंद्राने २०१८ मध्येच सूट दिली आहे. तरी आरटीओत जाऊन एकदा विचारून या, आणि उत्तर लेखी मागा.

स्टेपनी आहे का बघा. काही गाड्यांत ती नसते, नुसता पंक्चरचा डबा देतात. आपल्या रस्त्यांवर रात्री अकरा वाजता तो डबा किती कामाचा, ते तुम्हीच ठरवा. सर्व्हिस सेंटर किती लांब, तेही विचारा.

योजनाही बघा. आजीविका ग्रामीण एक्सप्रेस ही योजना २०१७ पासून आहे, गटाच्या सदस्यांनी प्रवासी गाडी चालवावी म्हणून. वीस लाखांची गाडी त्यात बसत नाही, पण छोटी गाडी बसू शकते. तालुक्याच्या उमेद कार्यालयात विचारा.

आणि शेवटची, सगळ्यांत मोठी गोष्ट. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या डोक्यावर, आणि किल्ली मात्र दादल्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका. कर्जाला नाव जिचं, आरसी बुकात नाव तिचं, आणि किल्लीही तिचीच. हे ठरावाच्या वहीत आधी लिहा, सह्या घ्या, मगच बँकेची पायरी चढा.

टेस्ट ड्राइव्हला जायला लाजू नका. घ्यायची नसली तरी जा. साडी घेताना आपण दहा दुकानं फिरतो, पदर उलगडून बघतो. वीस लाखांची वस्तू उलगडून बघायचा हक्क आपल्याला नक्कीच आहे. तुमच्या गटाने असा काही हिशेब मांडला असेल तर आमच्याकडे पाठवा, पुढच्या कार्यक्रमात तो सगळ्यांना वाचून दाखवू. तोपर्यंत नमस्कार.