मूठभर धन्यांचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सकाळपासून या मंडपात कांद्याच्या भावाची चर्चा झाली, विजेच्या बिलाची झाली, कर्जाची झाली. ती व्हायलाच पाहिजे. आता आम्हा बायकांना अर्धा तास मिळाला आहे आणि या अर्ध्या तासात आम्ही कोथिंबिरीबद्दल बोलणार आहोत. मागच्या बाजूला कुणी हसलं. हसू द्या. आमटीवर टाकायच्या चार काड्यांचं काय भाषण करायचं, असं आम्हालाही आधी वाटत होतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात कोथिंबीर म्हणजे चार काड्या नाहीत, ते पीक आहे. बाजार समितीत शेकड्यावर तिचा लिलाव होतो, रात्रीच्या गाडीनं ती मुंबईला जाते. भाव चांगला असला की महिना-सव्वा महिन्यात हातात पैसा देणारं दुसरं पीक नाही. आणि भाव पडला, की उपटायची मजुरी, जुड्या बांधायची मजुरी आणि गाडीभाडंसुद्धा निघत नाही. मग कुणी माल बाजाराच्या दारातच ओतून येतो, कुणी उभ्या वाफ्यात मेंढरं घालतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण आणखी एक गोष्ट आपण पाहतो आणि बोलत नाही. ज्या घरानं पंधरा दिवसांपूर्वी हजार जुड्या बाजाराला पाठवल्या, त्याच घरची बाई आठवड्याच्या बाजारात एक जुडी विकत घेते. शेतातला वाफा संपला, पुढचा अजून उगवायचा आहे, आणि घरात आज पाहुणे आहेत. बी दुकानातलं, भाव व्यापाऱ्याचा, आणि वर घरच्या कालवणालाही विकतची कोथिंबीर. मग आपल्या हातात राहिलं काय?

म्हणून आम्ही शेजारच्या तीन गावांतल्या काही जणींनी एक वही केली. वर्षभरात घरात कोथिंबीर, मेथी, शेपू, कढीलिंब, धने, ओवा यांवर किती खर्च होतो, ते त्यात लिहिलं. आकडा इथं सांगत नाही, कारण तो घराघराचा वेगळा आहे. पण वहीची बेरीज केली तेव्हा प्रत्येकीचा आकडा तिच्या अंदाजापेक्षा मोठाच निघाला. मग आम्ही घरामागं बी टाकायला लागलो.

इथं एक शंका निघेल, ती आम्हीच काढतो. भाव मागायला आलेल्या शेतकऱ्याला घरामागं भाजी लावायचा सल्ला देणं, हे आपण फार ऐकलं आहे. तसा सल्ला आम्ही देत नाही. परसातल्या कोथिंबिरीनं कर्ज फिटत नाही आणि भावाची लढाई तिच्यामुळं सुटत नाही. ती लढाई भावाचीच आहे, ती रस्त्यावर आणि बाजारातच लढायची. आम्ही सांगतो ती गोष्ट बियाची आणि हिशेबाची आहे.

आधी पेरणीचं सांगतो, कारण पहिल्याच वर्षी आम्ही तिथंच चुकलो.

किराणा दुकानातले धने उगवतात. मात्र ते किती जुने आहेत हे दुकानदारालाही माहीत नसतं. आमच्यातल्या एकीनं डब्यातली धनाडाळ टाकली आणि पंधरा दिवस पाणी घातलं. धनाडाळ सोललेली आणि भाजलेली असते, ती कशी उगवणार? तेव्हा आधी परीक्षा घ्या. वीस धने ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट ओलं ठेवा आणि बाराव्या दिवशी मोजा. निम्मेही उगवले नाहीत तर ते धने मसाल्याला ठेवा.

धन्याचा एक दाणा म्हणजे एक बी नव्हे. त्यात दोन फाका असतात आणि प्रत्येक फाकेतून एक रोप येतं. म्हणून पेरण्याआधी धने गोणपाटावर पसरून चपलेनं किंवा लाकडी फळीनं हलकेच रगडावेत. फाका सुट्या झाल्या पाहिजेत, चुरा होता कामा नये. मग रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी निथळून, सावलीत थोडे सुकवून पेरावेत. ओळी चार बोटं अंतरावर, बी अर्धा इंच खोल. आम्ही पहिल्या वर्षी दोन इंच खोल पुरलं आणि दुकानदाराला शिव्या दिल्या. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. गव्हासारखं चौथ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून वाफा उकरू नका.

जागा नसली तरी अडत नाही. खताची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन, फुटकं घमेलं, तेलाचा डबा, काहीही चालतं. खाली भोकं पाडा. माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू भरा. वीतभर खोली पुरे, कारण कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं. याच कारणानं तिची आणि शेपूची रोपं उपटून दुसरीकडं लावू नका, जिथं पेराल तिथंच वाढू द्या. सगळं एकदम पेरलं की सगळं एकदम कापायला येतं. दर पंधरा दिवसांनी एकेक घमेलं पेरा. पस्तीस-चाळीस दिवसांत कापणी होते. मुळासकट न उपटता वरून कापलं तर आणखी एकदा फुटवा येतो. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. मोरीतलं साबणाचं पाणी मात्र कच्च्या खायच्या पाल्याला नको.

आता वहीकडं येतो. आमच्या वहीत एक रकाना मजुरीचा आहे. पाणी घालणं, खुरपणं, कापणं यात जेवढा वेळ गेला तेवढी मजुरी लिहायची. घरातल्या बाईचं काम फुकटचं धरायचं नाही. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्यांची मजुरी धरा म्हणून आपण सरकारशी भांडतो, मग आपल्याच वहीत ती कशी सोडायची? ती धरल्यावर एक गंमत दिसली. थंडीत बाजारात कोथिंबिरीचा पूर येतो, तेव्हा विकतची जुडी घरच्यापेक्षा स्वस्त पडते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उलटं होतं, जुडीला हात लावायची सोय राहत नाही.

यातून आमचा वर्षाचा बेत ठरला. उन्हाळ्यात कोथिंबीर उष्णतेनं लवकर फुलावर जाते, म्हणून तेव्हा शेवग्याच्या किंवा भिंतीच्या सावलीत पेरायची आणि थोडं थोडं पाणी दोन वेळा द्यायचं. पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून गादीवाफा उंच करायचा किंवा घमेली वळचणीखाली घ्यायची. या दोन हंगामांतलं पीक खाण्यासाठी. दिवाळीच्या सुमारास पेरलेला वाफा मात्र खाण्यासाठी कापायचा नाही, तो बियाला सोडायचा. त्या दिवसांत बाजारातली जुडी घेतली तरी हरकत नाही, कारण ती स्वस्त आहे आणि आपल्या वाफ्यातून त्याहून मोलाची वस्तू यायची आहे.

आणि इथंच आमची सगळ्यांत मोठी चूक झाली. ती सांगण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

पहिली दोन वर्षं आम्ही काय केलं? चांगली, रुंद पानांची, उशिरापर्यंत पाला देणारी झाडं कापून खाल्ली. जी खुरटी होती, जी लवकर दांड्यावर आली, ती राहू दिली. आता ही खाण्याजोगी नाहीत, होऊ द्या धने, असं म्हणालो. त्यांचे धने जपून मडक्यात ठेवले आणि पुढं तेच पेरले. तिसऱ्या वर्षी वाफा महिन्याच्या आतच फुलावर आला. पाला जेमतेम दोन वेळच्या कालवणाला पुरला. जमीन तीच, खत तेच, हात तेच. मग बिघडलं कुठं? आम्ही लवकर फुलणाऱ्या झाडांचंच बी निवडत आलो होतो. चांगलं ते खाऊन टाकलं आणि उरलंसुरलं बियाला ठेवलं.

भावांनो, हे फक्त कोथिंबिरीलाच लागू आहे का? जोंधळ्याचं पहिलं भरदार कणीस बियासाठी वेगळं काढून आढ्याला टांगणारी आजी आपल्या घरात होती. ते कणीस ती दुष्काळातसुद्धा दळत नसे. आम्ही शाळेत गेलो, पुस्तकं वाचली आणि आजीची ही एक गोष्ट विसरलो.

आता आम्ही उलटं करतो. वाफ्यात जी झाडं आधी फुलावर येतात ती आधी उपटून खातो. जी सगळ्यांत उशिरा दांडा काढतात, पानं रुंद आणि वास चांगला, रोग कमी, अशांना रंगीत चिंधी बांधतो. चिंधी बांधलेल्या झाडाला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. अशी निदान वीस-पंचवीस झाडं तरी ठेवावीत, कारण कोथिंबिरीत मधमाश्या एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेतात आणि दोन-चार झाडांवर वाण टिकत नाही. जानेवारीत ढगाळ हवा आली की मावा येतो, तेव्हा निंबोळी अर्क मारायचा, तोही संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर. साडेतीन महिन्यांच्या सुमारास दाणे हिरव्याचे पिवळसर होतात. पूर्ण वाळायची वाट पाहिली तर गळून जातात. म्हणून सकाळी दंवात कापायचं, सावलीत सुकवायचं, झोडपायचं, सुपानं पाखडायचं आणि कोरड्या मडक्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायचं. वर चिठ्ठी हवी: पेरणी कधी, फूल कधी.

शेपूचीही हीच रीत. शेपू बियाला सोडला की बाळंतशेपा मिळतो. मेथी सोपी, चौथ्या दिवशी उगवते आणि महिन्याच्या आत कापायला येते. कढीलिंबाचं बी मात्र ठेवता येत नाही. पिकलेलं काळं फळ तोडून, गर काढून, लगेच पेरलं तरच उगवतं. डब्यात ठेवलेलं बी काही आठवड्यांत मरतं. पुदिना आणि गवती चहा बियाच्या भानगडीत न पडता शेजारणीकडून आणलेल्या काडीनं आणि ठोंबानं लावा. आणि दारात कुंडीत असतो तो जाड पानांचा ओवा वेगळा, डब्यातल्या ओव्याचं झाड वेगळं. कुंडीतला ओवा काडीनं लागतो, डब्यातला बियानं.

आम्ही विकतच्या बियाण्याच्या विरोधात आहोत, असा कुणी अर्थ काढू नये. शेतकऱ्याला हवं ते तंत्रज्ञान घेता आलं पाहिजे, ही चळवळीची भूमिका आहे आणि ती आमचीही आहे. पण निवडीचं स्वातंत्र्य त्यालाच असतं, ज्याच्याजवळ दुसरा मार्ग शिल्लक असतो. घरात मूठभर बी आहे तो दुकानात जाऊन भाव विचारतो. घरात काहीच नाही तो मिळेल ते घेऊन येतो. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. आपल्या शेतातलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचासुद्धा हक्क त्यानं शेतकऱ्याला दिला आहे. कागदावर हक्क आहे. पण बी कसं निवडायचं हेच विसरलो तर त्या हक्काचं करायचं काय?

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, ते आपल्याच जिल्ह्यात. पुढं १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली आणि त्यात पहिली सीताशेती, दुसरी माजघरशेती. सीता म्हणजे नांगराची तास. तेव्हा पुष्कळांना वाटलं, हा बायकांना खूष करायचा कार्यक्रम आहे. आज आम्हाला वाटतं, त्यातलं निम्मंसुद्धा आपण केलेलं नाही. शेतीचा शोध बाईनं बी राखून लावला, असं भाषणात म्हणायचं आणि घरच्या बाईला सातबाऱ्यावर नाव नाही, वाफा कुठला कापायचा हे ठरवायचा अधिकार नाही, असं कसं चालेल? आमच्या चिंधी बांधलेल्या झाडांवर पहिल्या वर्षी घरातल्या पुरुषांनीच विळा चालवला. पाहुणे आले होते म्हणे.

म्हणून आमचं मागणं लहान आहे. मंडपाच्या दाराशी सूप ठेवलं आहे, त्यात आमच्या धन्यांच्या पुड्या आहेत. प्रत्येक पुडीवर गाव, पेरणीची तारीख आणि किती दिवसांनी फूल आलं ते लिहिलं आहे. विकायला नाहीत. एक न्या, पेरा, उशिरा फुलणारी झाडं राखा. पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला दोन पुड्या परत आणा, त्यावर तुमच्या गावाचं नाव आणि तुमचे दिवस लिहून. वहीही आणा, मजुरीच्या रकान्यासकट.

आणि भावांनो, चिंधी बांधलेल्या झाडाला हात लावू नका. पाहुण्यांसाठी बाजारातून जुडी आणा.